समुद्र निवळेपर्यंत

चंदनबालेला आगबोटीचे सल्ले देणाऱ्यांपैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे सल्ल्यांत कमालीची एकवाक्यता होती. सांगलीजवळचं तिचं गाव कृष्णेच्या काठी. पाणी उसाला पाजायचं आणि पुरात त्याला भ्यायचं, एवढाच गावाचा पाण्याशी संबंध.

नवरा शांतिनाथ आफ्रिकेत, मोंबासात कापडाच्या दुकानात होता. लढाई संपल्यावर एकदा येऊन गेला. त्याने अजून न पाहिलेली लेक विजयमाला आता सात महिन्यांची, अंगावर पिणारी. सत्तेचाळीसच्या ज्येष्ठात मायलेकी निघाल्या. सोबतीला चुलतसासरे बाळगोंडा. त्यांची गावात बिनतोड बोलण्याबद्दल ख्याती होती.

"बोटीत वकाऱ्या हुत्यात म्हनं," ते म्हणाले. "आता पोटात काई न्हाईच, तर भाईर काय यील?"

सगळ्यांना ते पटलं. चंदनबालेने गावच्या जैन बस्तीत, देवासमोर, नेम घेतला: समुद्र निवळेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, नुसतं गाळलेलं पाणी. उपवासाची तिला सवय होती. पर्युषणात ती उपाशीपोटी घरभर कामं करत हिंडे. समुद्राला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मुंबई मागे पडली आणि पावसाळी समुद्राने बोट हातात घेतली. डेकवर उतारूंच्या वळकट्या, ट्रंका, माणसं एकमेकांवर घरंगळू लागली. बाळगोंडा पालथे पडले ते पडलेच. रिकाम्या पोटातून बाहेर काय येईल, या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं. हिरवं, कडू पित्त, आणि त्याला अंत नव्हता.

शेजारी साताऱ्याकडचा हंबीरराव होता. फौजेतून सुटलेला हवालदार, मोंबासात पहारेकरी म्हणून निघालेला. लढाईत बोटीने दोनदा जाऊन आलेला. तो मांडी घालून भाकरी खात होता.

"आक्का, टोकाला कशापायी बसलाय? बोटीच्या मदी या. तितं झोका कमी. लाटंकडं बगू नगा. लांब, आबाळ टेकलंय तितं बगा. आन् पोट रिकामं ठिवू नगा. सुकी भाकरी, घास घास, सारकी."

"माझा नेम आहे, दादा."

"मग ह्यो कांदा हुंगा."

"आम्ही कांदा खात न्हाई."

"खावा कोन म्हन्तंय? नाकाला बी धरम लावलाय व्हय?"

तिने पदर तोंडाला लावला. हसू आलं म्हणून की वास नको म्हणून, ते कळलं नाही. पण वळकटी तिने मध्यावर ओढली.

समुद्र निवळेना. तिसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. विजयमाला ओढ ओढ ओढी आणि किंचाळे. पाणी पाजलं तर उलटून टाकी. दुपारपर्यंत सगळा डेक त्या रडण्याने वैतागला होता. मग रडणं थांबलं. लोकांना बरं वाटलं. चंदनबालेला नाही. पोर खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"अण्णा, मी खाते."

बाळगोंडांनी मान वर केली. "नेम बस्तीत घिटलाय, पोरी. बोटीत सोडायचा कसा? आन् दिवस बी बुडाला. सकाळी बगू."

सकाळपर्यंत पोर बघायला शिल्लक राहायला हवी होती. दिवेलागणीनंतर तिने जन्मात घास तोंडात घातला नव्हता. आजारपणातसुद्धा नाही.

हंबीररावाने आभाळाकडे पाहिलं. "ढग लय हाईत, आक्का. सूर्य बुडाला का हाय, कुनाला ठावं?"

"बत्त्या लागल्यात, दादा," ती म्हणाली. "मला दिसतंय."

आणि तिने गाठोडं सोडलं. कडक भाकरीचा तुकडा मोडला, गुळाच्या खड्याबरोबर चावला. हंबीरराव पाठ फिरवून बसला. पहिला घास उलटला. तिने दुसरा घेतला. तोही गेला. तिसरा घेऊन ती आभाळाच्या रेषेकडे पाहत राहिली; अंधारात रेष दिसत नव्हती, तरी पाहत राहिली. तो टिकला. मग चौथा. मध्ये मध्ये गाळलेल्या पाण्यात गूळ विरघळवून बोटाने पोरीच्या ओठांना लावत गेली. बऱ्याच वेळाने त्या ओठांनी बोट धरलं.

फटफटीत उजाडलं तेव्हा विजयमाला पदराखाली पीत होती. भराभर नव्हे, पण पीत होती. समुद्र होता तसाच होता.

"दिवस उगवला का गं?" बाळगोंडांचा आवाज आला.

"उगवला, अण्णा."

ते कोपरावर रेलले. "भाकरी उरलीया का?"

तिने तुकडा हातावर ठेवला. "घास घास खावा. आन् लाटंकडं बघू नका."

मोडलेल्या नेमाचा हिशेब तिने कुणाला न विचारता, स्वतःच चुकता केला. मोंबासात, आणि पुढे परत आल्यावर उसाच्या त्या गावात, जिथे गुऱ्हाळ लागलं की वाटसरूलाही काकवी मिळते, तिने गुळाला जन्मभर हात लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "बोटीत खाल्ला, तेवढा पुरला."