स्पिटफायरची सीट

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही फारसा आहे असं नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचा सगळा जन्म भट्टीसमोर गेला. धातू किती तापला की वितळतो, साच्याची वाळू ओली राहिली की काय होतं... मला खरं वाटायचं ते एवढंच. या सदरातले अनुभव वाचून मी हसलोही आहे. तरी लिहितोय, कारण दस्तगीरचाचा आता नाहीत, आणि हे मनात ठेवून मला नीट झोप लागत नाही.

मी भंडाऱ्याकडचा. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागलो, ते एकोणसत्तर-सत्तरचं साल असेल. ओळखीचं कुणी नाही, बोललो की सगळे हसायचे. मालक चिडले की म्हणायचे, "जा तुझ्या गावाला!" — आणि गावाकडं माझं घरच उरलं नव्हतं. दर वेळी हेडमिस्त्री दस्तगीरचाचा मध्ये पडले. साचे करायला त्यांनी शिकवलं, सणाला घरी जेवायला त्यांनीच नेलं.

आम्ही ॲल्युमिनियमचे पंपाचे भाग ओतायचो. एकदा भंगाराच्या ट्रकमधून एका विमानाचा पुढचा तुकडा आला. महायुद्धातलं लढाऊ विमान, स्पिटफायर. कापून वितळवायचं होतं. चाचांनी त्यातली पायलटची सीट तेवढी बाजूला काढली, पुसली आणि भिंतीला लावून ठेवली.

"डबा खायला तू हितं बसायचं," मला म्हणाले.

"चाचा, तुम्ही मोठे, तुम्ही बसा."

"मला ईट बरी हाय. लांबनं आलायस, बस म्हटलं की बसायचं!"

मी बसलो. रोज बसायला लागलो.

मुरगूडचे रामूअण्णा पंपाचे भाग न्यायला यायचे. हवाई दलात फिटर होते. एकदा विमानाचा पत्रा बघून जागीच थांबले. पत्र्यावर एक ठिगळ होतं, त्यातला एक रिव्हेट तिरका.

"ह्यो रिव्हेट माझा हाय," अण्णा म्हणाले. "बर्मात मारलाय, भर पावसात."

"व्हय अण्णा, एका ठिगळावरनं वळखलं?" चाचा हसले. "आमची बायको ठिगळावरनं माझी लुंगी वळखत न्हाय!"

अण्णा हसले नाहीत. विमानाची सगळी नोकरीच सांगितली त्यांनी. बर्मात शेपटीला गोळ्या लागल्या, तरी पायलटला घेऊन आलं. पुढं काश्मीरच्या लढाईत इंजिन धूर ओकत होतं, तरी उतरलं. म्हातारं झाल्यावर शिकाऊ पोरांना दिलं. धावपट्टीवर उलटं झालं, पोरगं पट्ट्याला लोंबकळत जिवंत. मग त्यांनी भिंतीजवळच्या सीटकडं बोट केलं. "हिच्यात बसलेला एक माणूस मेला न्हाय. सोडतच न्हाय ती बसलेल्याला. पर खाली हुबा ऱ्हायलेल्याचं..." वाक्य तसंच सोडून अण्णांनी तिरक्या रिव्हेटवरनं अंगठा फिरवला. आम्ही चहा मागवला.

आता फौंड्रीतला एक नियम सांगतो. भंगारातली दोन्ही टोकं बंद असलेली नळी कापून उघडल्याशिवाय भट्टीत टाकायची नाही. आत ओल कोंडलेली असली तर वितळलेल्या धातूत ती बॉम्बसारखी फुटते. म्हणून उघडलेल्या नळ्यांचा एक ढीग, बंद नळ्यांचा दुसरा. खंडेनवमी आली. हातोडे, करवती पूजेला लागल्या. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. सगळ्यांनी मिळून शेड धुतली, पसारा आवरला, भंगाराचा एकच सुबक ढीग रचून त्यावर झेंडूची माळ घातली. दोन ढिगांचा एक झाला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पूजा झालेला ढीग — तो तयारच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

दसरा झाला, काम सुरू झालं. भट्टीतल्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, माल टाकणं माझं काम. दुपारी डबा खाऊन मी सीटवर टेकलो होतो.

"ए भंडाऱ्या!" चाचांची हाक. "ईमान उतरीव खाली, मूस तापली!"

उठायला गेलो, उठता येईना. कमरेला सीटचा पट्टा होता, घट्ट आवळलेला. मी बांधला नव्हता! बक्कल ओढतोय, ते हलतच नाही...

"आलो चाचा!"

"बस बस, मीच टाकतो."

मोठा आवाज झाला. त्यानंतर पट्टा सुटला. सुटला म्हणजे काय, हातात कुजलेल्या सुताचा भुगा आला. इतका कुजका पट्टा पोरालाही अडवू शकला नसता.

चाचांचे दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात मी सगळं सांगितलं. "झोप लागलीती म्हण की," ते म्हणाले. "मी काय रागावणार हाय? उलट बरं झालं. तू मुशीत तोंड घालून बघतोस. तुझं डोळ्यावर भागलं नसतं." बाकीचेही झोपच म्हणत होते. महिन्याभरात चाचांची जागा मालकांनी मला दिली. मी घेतली. नाही म्हटलं असतं, तर परत जायला घर तरी कुठं होतं...

पुढच्या खंडेनवमीला चाचांना रिक्षातून पूजेला आणलं. "ती सीट हाय का अजून?" त्यांनी विचारलं. होती, वितळवायला माझा हात धजला नव्हता. हात धरून त्यांना बसवलं. पहिल्यांदाच बसत होते ते तिच्यात.

हातांनी सीटच्या कडा चाचपल्या. मग पोटाशी हात नेला.

"पोरा, पट्टा जरा ढिला कर की. लई आवळलाय."

पट्टा नव्हता. भुगा मीच झाडून टाकला होता, बक्कलसुद्धा काढून ठेवलं होतं.

मी गुडघे टेकून बसलो आणि त्यांच्या कमरेपाशी, हवेतच, काहीतरी सैल केल्यासारखं केलं. "आता?"

"हां. आता बरं वाटतंय." मग म्हणाले, "म्हंजी झोपला न्हवतास तू."

कुणी भास म्हणा, योगायोग म्हणा. सीट आता माझ्या घरी आहे. पाहुणे कौतुकानं बसायला जातात तेव्हा मी त्यांना खुर्ची पुढं करतो; खाली उभ्या राहिलेल्याचं काय होतं, ते मी पाहिलं आहे. ती जागा चाचांची होती. त्यांनी ती मला दिली, आणि मी बसलो.