काकांचं डोकं आणि चार अलंकार

आमच्या मराठी मंडळाला रविवारच्या कविता-वर्गाची खोली साड्यांच्या सेलला द्यायची होती. पंडरीच्या कापडबाजारातला एक व्यापारी तयारच बसला होता. आधी वर्ग ‘तपासू’, असं अध्यक्षकाका म्हणाले. पोरं नापास झाली की खोली गेली.

वर्ग मी घेते, मला संताप आला. तपासा ना, पण काय तपासणार? काकांना व्याख्या हव्या होत्या. मी अलंकार शिकले ते पत्रकं लिहिता लिहिता. मोहल्ल्यातल्या तुंबलेल्या नालीच्या आंदोलनात कळलं, घोषणेत अनुप्रास नसेल तर ती पुढच्या गल्लीपर्यंत पोचत नाही, आणि यमक नसेल तर मागची रांग ती उचलत नाही. पोरांना मी तसंच शिकवलं. व्याख्या पाठ करून घेतल्या नाहीत, आजही घेणार नाही.

काका आले, खुर्ची ओढून बसले. समोरच्या सातवीतल्या पोट्टीला म्हणाले, "उपमा म्हणजे काय? व्याख्या सांग."

ती माझ्याकडे वळली. "दीदी, व्याख्या तो नहीं आती."

"मराठीच्या वर्गात हिंदी!" काका कडाडले. "काय शिकवून राहिली तू यांना? घोषणा?"

"हव, घोषणा पण," मी म्हणाले. "व्याख्या सोडा काका, उदाहरण मागा."

"बरं. दे उदाहरण. मराठीत पाहिजे."

पोट्टीनं त्यांना नीट न्याहाळलं. "काकांचं डोकं शेगडीसारखं तापून राहिलं."

पोरं खिदळली. काकांचे कान लाल झाले. पण उदाहरण त्यांनीच मागितलं होतं, आता माघार कशी घेणार?

"रूपक?"

"काकांचं डोकं म्हणजे शेगडीच!"

"अतिशयोक्ती?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "काका चिडले की अख्ख्या मोहल्ल्याचा स्वयंपाक त्यांच्या डोक्यावर होते!"

"चेतनगुणोक्ती," काका म्हणाले, आणि मी धसकले. शाळेत हिंदीतून शिकणारी ही पोरं त्याला मानवीकरण म्हणतात. हे लांबलचक नाव मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. पोट्टीनं काकांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"खुर्ची म्हणते, उठा न काका, मी थकली."

काका सगळ्यांत आधी हसले. पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "व्याख्या नाही आली ती नाहीच आली. पण खोली ठेवा. त्या साडीवाल्याला मी सांगतो."

टाळ्या, बाकं बडवणं, नुसता कल्ला! दुसरं कोणी असतं तर आभार मानले असते. मी कशाला मानू? खोली पोरांनी कमावली होती. म्हणून मी लगेच म्हणाले, "पंखा पण बंद आहे, काका. दुरुस्त करून द्या."

"हा कोणता अलंकार?"

"ही मागणी, काका."

पुढच्या रविवारी पंखा फिरत होता.