पुरी आत गेलीच नाही

माझं तोंड पूर्ण उघडत नाही, ही बातमी मला आणि दीडशे पाहुण्यांना एकाच वेळी कळली.

नागपूरच्या बेसा भागातल्या एका लॉनवर माझ्या मेहुण्याचा साखरपुडा होता. तोवर अकरा वर्षं मी खर्रा खात होतो (सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकवर घोटून, नागपूरकरांना हे सांगावं लागत नाही). बायकोने शपथा घातल्या, डॉक्टरांनी भयानक फोटो दाखवले. मी शपथा घेतल्या, फोटो निरखून पाहिले आणि बाहेर येऊन पुडी उघडली.

जावई म्हणून पाणीपुरीचा पहिला मान माझा. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने टम्म पुरी माझ्या तोंडाशी आणली. ती आत जाईना. सासूबाई माघार घेणाऱ्यांतल्या नाहीत; त्यांनी अंगठ्याने रेटली. पुरी फुटली आणि हिरवं पाणी माझ्या कुर्त्यावरून थेट मेहुण्याच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या सफारीवर!

नवरीची मावशी नेमकी दातांची डॉक्टर निघाली. तिने तिथेच माझ्या तोंडात बोटं घालून पाहिली.

“भाऊजी, तीन बोटं जायले पाहिजे. दोनच जाऊन राहिले. खर्रा बंद करा, नाही तर उद्या चमचाही जाणार नाही.”

गर्दीत माझे बाबा उभे होते. उमरेडच्या कोळसा खाणीत नोकरी केलेला माणूस, चाळीस वर्षं गालात खर्रा. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाले, “पहिला खर्रा माह्याच पुडीतला खाल्ला होता ना तू?”

“हो.”

त्यांनी मोरीत जाऊन गालातला खर्रा थुंकला आणि चूळ भरली. संपलं.

मला वाटलं, चार दिवसांचं नाटक. पण बाबा रोज संध्याकाळी पानठेल्यावर जात, मित्रांत तासभर बसत आणि कोरडे परत येत. झोप उडाली. टीव्ही बघताना तळवे आपोआप घोटायला लागत. एकदा आईवर उगाच चिडले, मग तिच्याकडूनच चिमूटभर सोप (बडीशेप) मागून घेतली. मी हे सगळं थक्क होऊन बघत होतो (गालात खर्रा धरून).

शेवटी विचारलंच, इतकं जमतं कसं?

“भरल्या तोंडानं तुले ‘सोड’ कसं म्हणू गा?”

मग मीही सोडला. त्यांना एक चूळ लागली. मला सात महिने, आणि तेही नऊ वेळा सोडून. आता नातेवाईक कौतुकाने सांगतात, बापलेकांनी मिळून खर्रा सोडला.

मी त्यांना कधी दुरुस्त करत नाही.