पुदिन्याच्या खोऱ्यातला आकडा

"दिसलं ते लिहायचं, हवं ते नाही," असं नेल्डा ब्राउवर नेहमी म्हणायची. भट्टीवर तेलाच्या पिंपाला चिठ्ठी लावताना म्हणायची, चर्चच्या सभेचा वृत्तांत लिहिताना म्हणायची. लग्नासाठी तिला दोघांनी विचारलं होतं. त्या दोघांनाही तिने जे दिसलं ते तोंडावर सांगितलं आणि ती एकटीच राहिली.

अमेरिकेच्या वायव्येतल्या याकिमाच्या खोऱ्यात उन्हं तापली की पुदिना कापतात. पाला चाकांवरच्या लोखंडी हौदांत दाबून भरतात, हौदांना वाफेच्या नळ्या जोडून तेल काढतात, आणि मग पुढचे दोन महिने खोऱ्यातला माणूस पुदिनाच श्वासात घेतो. डोळे चुरचुरतात. सदरा तीनदा धुतला तरी वास जात नाही. नेल्डाने सव्वीस उन्हाळे धाकट्या भावाच्या, ऑर्विलच्या भट्टीवर तेल पारखलं, आणि तितकेच हिवाळे गावच्या इस्पितळात आजाऱ्यांची शुश्रूषा केली. तिच्या हातांना एका ऋतूत तेलाचा वास यायचा आणि दुसऱ्या ऋतूत साबणाचा.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या शहरातून डॉक्टर ओशिरो संशोधनासाठी आल्या. कर्करोगाचं औषध शिरेतून चढवलं की माणसाला मळमळतं, ओकाऱ्या होतात. पुदिन्याचं तेल हुंगल्याने ते कमी होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या रुग्णांना तेलात भिजवलेला कापसाचा बोळा द्यायचा, निम्म्यांना साध्या पाण्याचा. दर तासाला विचारायचं, मळमळ किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. रुग्ण सांगेल तो आकडा तक्त्यात भरायचा. आकडा पाचाच्या वर गेला तर परिचारिका ओकारी थांबवणारी सुई देई. पाचाच्या आत असला, तर रुग्णाने मागितल्याशिवाय सुई नाही. विचारायचं आणि लिहायचं काम नेल्डाकडे आलं.

तेल पुदिना उत्पादक मंडळाने फुकट दिलं. मंडळाचा अध्यक्ष वेंडेल स्ट्रोह नेल्डाच्याच वर्गातला. च्युइंगगम आणि टूथपेस्टवाल्यांशिवाय आपल्या तेलाला गिऱ्हाईक नाही, औषध म्हणून नाव झालं तर खोऱ्याचे दिवस पालटतील, असं तो म्हणे. त्यात काही खोटंही नव्हतं.

जानेवारीत ऑर्विल स्वतःच औषध चढवायच्या खुर्चीत येऊन बसला. आतड्याचा कर्करोग. त्याच्या वाट्याला तेलाचा बोळा आला. त्याने बोळ्याची कुपी उघडली, एकदाच हुंगलं.

"दुसऱ्या कापणीचं आहे," तो म्हणाला. "वेंडेलच्या नदीकाठच्या शेतातलं. वाफ ओली सोडलीय गाढवाने, वास उतरलाय."

"पोटाचं सांग. किती?"

"दोन," म्हणता म्हणता त्याने भांडं ओढून घेतलं आणि त्यात सकाळचं सगळं ओकला.

नेल्डाने त्याचं कपाळ धरलं, तोंड पुसलं. "आता किती?"

"सांगितलं ना, दोन."

"मला तर आठ दिसतायत."

"तुला विचारलंय कुणी? नियम काय आहे तुझा? रुग्ण सांगेल तो आकडा. लिही, दोन."

नियम तसाच होता. तिने दोन लिहिलं. मग कागदाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: भांडं दोनदा. ओठ कोरडे. सूप परत.

समासात लिहायला तिने पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली होती. सफरचंदाच्या गोदामातले कामगार, रस्तादुरुस्तीवाले, शाळेच्या बाई, यांचे आकडे आणि भांडी जुळायची. पुदिना पिकवणाऱ्या घरांतल्यांचं जुळत नव्हतं. आकडा दोन, भांडं भरलेलं. कुणी ठरवून करत नव्हतं. आपल्या पोराला मास्तरांनी वर्गात उभं करून प्रश्न विचारावा आणि आपण मागच्या बाकावरून उत्तर पुटपुटावं, तशातला तो प्रकार होता. ज्या पुदिनेवाल्याला पाण्याचा बोळा मिळाला, तो मात्र बिनदिक्कत आठ म्हणे, सुई घेई आणि सुखाने झोपी जाई.

महिनाभरात ऑर्विलचा पट्टा तीन भोकं आत गेला. नेल्डा त्याला गाडीतून घरी सोडायची. एका दुपारी तिने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"सुई माग."

"मागितली की ते तक्त्यावर चढतं. पुदिना पडला असं लिहितील."

"पुदिना पडेल नाहीतर उभा राहील, त्याचं तो बघेल. पडतोयस तू."

"चाळीस वर्षं त्याने मला खाऊ घातलंय, नेल्डा."

"घातलंय ना. आणि आता तुझ्या पोटात चमचाभर सूप ठरत नाही. पुढच्या महिन्यात तुझं वजन बघून औषधच बंद करतील. मग काय करशील?"

तो खिडकीबाहेर बर्फाखालच्या शेताकडे बघत राहिला. तिने गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी तिने तक्ते डॉक्टर ओशिरोंच्या टेबलावर ठेवले.

"मिस ब्राउवर, असलं काही लिहायला तक्त्यात जागा नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणून तर समासात लिहिलं."

"मला सगळ्यांची सारखी माहिती लागते. तुमचा भाऊ आहे, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे."

"माझा भाऊ एकच आहे, बाई. समास एकेचाळीस लोकांचे आहेत."

डॉक्टरांनी दोन पानं चाळली. बघते म्हणाल्या, पण गुरुवारी मंडळाचे लोक पहिले आकडे ऐकायला येणार होते आणि त्या घाईत होत्या.

गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या भोजनगृहात तीसेक माणसं जमली. ऑर्विल मंडळाचा जुना सभासद. औषधाची बाटली लटकवलेला चाकांचा दांडा ढकलत तोही आला आणि खिडकीशी बसला. वेंडेलने डॉक्टरांनी दिलेला कागद उलगडून वाचला. तेलवाल्यांची मळमळ सरासरी तीनच्या आत, पाणीवाल्यांची सहा. टाळ्या झाल्या.

नेल्डा कॉफीच्या किटलीपाशी उभी होती. "हे आकडे पोटाचे नाहीत," ती म्हणाली.

"नेल्डा, खाली बस."

"उभीच बरी आहे. आपल्या घरांतली माणसं पुदिन्याला सांभाळून घेतायत. भांडं भरतं आणि तोंडाने दोन म्हणतात. तेवढे आकडे बाजूला काढा, मग उरेल ते खरं. पुदिना वाईट नाही. बाहेरच्या लोकांत थोडक्या मळमळीला त्याने बरं वाटलंय, तेही मी लिहिलंय. मोठ्या ओकारीला तो पुरा पडत नाही."

"सव्वीस वर्षं याच तेलावर जगलीस," वेंडेल म्हणाला, "आणि आता परक्यांसमोर आमचं नाक कापतेस."

"तुझं नाक शाबूत आहे. वाफ ओली सुटली हे त्याला कळलं नाही, तो भाग वेगळा."

मागे कुणीतरी हसलं. वेंडेलचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आम्ही खोटारडे. ठीक आहे. एक नाव सांग. एकच."

नाव खिडकीशी बसलं होतं. नेल्डाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. रुग्णाचं कुठेही बोलणार नाही, अशी सही तिने केली होती. एक शब्द बोलली असती तर त्याला त्याच दुपारी सुई मिळाली असती, आणि भावाने उरलेलं आयुष्य या माणसांत मान खाली घालून काढलं असतं. तिने किटलीची कडा घट्ट धरली. हाताला चटका बसला तरी सोडली नाही.

"नाव नाही सांगणार."

"म्हणजे नाहीच कुणी."

"आहेत. मी सांगणार नाही."

"मग तुझं काम संपलं इथलं."

"आठ," खिडकीकडून आवाज आला.

सगळे वळले. ऑर्विल दांड्याला धरून उठायला बघत होता. ते जमलं नाही, तेव्हा बसूनच बोलला.

"महिनाभर आठ आहे. दोनदा नऊ होतं. ती विचारायची आणि मी दोन लिहायला लावायचो." त्याने दम घेतला. "तेल बरं आहे तुझं, वेंडेल. नाकाला गार वाटतं. पण पोट ऐकत नाही. मला सुई पाहिजे."

तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा आपल्या टोपीकडे बघत म्हणाला, "माझंही सात होतं." त्याच्या बायकोने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

डॉक्टर ओशिरोंनी परिचारिकेला हाक मारली. मग त्या नेल्डाकडे आल्या. "मिस ब्राउवर, ते समास मला हवेत. एकूण एक."

नेल्डाने बगलेतली फाईल त्यांच्या हातात दिली. वेंडेल तिच्या छातीवरच्या इस्पितळाच्या बिल्ल्याकडे बघत होता.

"हा तू दिलेला नाहीस," ती त्याला म्हणाली. "तुला काढताही येणार नाही. उद्या सकाळी सातला मी इथे असेन. तुझ्या घरचं कुणी आजारी पडलं, तरी मीच विचारीन."

तिने कोट घातला, भाजलेला हात खिशात घातला आणि टेबलांमधून चालत दाराबाहेर गेली. अंगणातल्या बर्फाचा चिखल झाला होता. त्यातून ती गाडीकडे निघाली, नेहमीच्याच चालीने, ना घाई ना वळून बघणं. वेंडेल आकड्यांचा कागद हातात घेऊन दारात उभा होता. आत खिडकीशी परिचारिका नळीतून ओकारी थांबवणारं औषध सोडत होती, आणि ऑर्विल काचेवरची वाफ बाहीने पुसून बहीण दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत होता.