पांढऱ्या फळांचा रिहान

पान हातात चुरगाळून नाकाशी धरलं की खमीसा सांगायची, हे कुठल्या उतारावरचं. ओढ्याकाठचा रिहान रुंद पानांचा, पाणी पिऊन सुस्तावलेला. त्याचा वास गोडसर आणि जड. खडकावरचा बारीक पानांचा. तो कापरासारखा नाकात चढतो. बुचाच्या झाडांखाली सावलीत वाढलेला अबोल असतो, त्याला आधी थोडं ऊन दाखवावं लागतं, मग तो बोलायला लागतो. आणि समुद्राकडच्या कड्यावरचा, जिथून स्वच्छ दिवशी तबर्काचं निळं पाणी दिसतं, त्याची पानं जाड, चामड्यासारखी, जिभेला लावली तर किंचित खारट. झुडूप एकच, नाव एकच, उन्हाळ्यात येणारं फूलही तेच, पांढरं, केसरांचा झुबका घेतलेलं. पण वास ज्या त्या डोंगराचा. ऐन रेमल वाडीच्या लोकांना यात नवल वाटत नाही. एका घरातल्या बहिणी तरी कुठं सारख्या असतात.

रिहानचं पाणी काढणाऱ्या बायका वाडीत पुष्कळ होत्या. खमीसाची रीत मात्र निराळी. तिच्याकडं आईच्या हातचं तांब्याचं भांडं होतं, खाली पोटुशी बाईसारखं फुगलेलं, वर टोपी, टोपीवर गार पाण्याचा खोलगा. खाली मंद जाळ, सांध्याला कणकेचा लेप, आणि बाजूच्या चोचीतून थेंब थेंब उतरणारं पाणी. वरचं पाणी कोमट झालं की ओतून द्यायचं आणि झऱ्याचं नवं भरायचं. या कामात घाई चालत नाही आणि खमीसाला घाई ठाऊकही नव्हती. ती एका वेळी एकाच उताराचा पाला घालायची. दोन उतारांचा पाला एकत्र शिजवणं म्हणजे दोन बायकांना एकदम बोलायला बसवणं, कळत कुणाचंच नाही, असं तिचं म्हणणं.

तिची शेजारीण हद्दा नेमकं हेच करायची. वाटेत दिसेल तो रिहान कापायचा, गाढवावर लादायचा आणि सगळा मिळून भांड्यात. दोघी एका वयाच्या, दोघींची लग्नं एकाच हंगामात झालेली. झऱ्यावर भेटल्या की त्यांचं सुरू व्हायचं.

"काय गं, आज कुठल्या राणीसाहेबांचा अर्क?" हद्दा घागर लावत विचारायची.

"खडकावरच्या."

"आणि माझ्या भांड्यात आज अख्खं गाव शिजतंय. ये वास घ्यायला."

"माझं नाक मला अजून हवंय, बाई."

पण हद्दाच्या मनात खरा सल दुसराच होता. खमीसाकडं एक पाणी असं होतं, की त्याचा रिहान कुठून येतो ते कुणाला माहीत नव्हतं. सगळ्या डोंगरांवर रिहानची फळं पिकली की काळी-निळी होतात. ही जात पांढऱ्या फळांची. पिकली तरी ताकातल्या लोण्यासारखी फिकट. तिच्या पाण्याचा वास हलका, दुधाचा आणि संत्र्याच्या सालीचा. बुचाच्या रानापलीकडं डोंगराला एक खाच पडली आहे, तिथं हे थोडेसे झुडपांचे ताटवे. खमीसाला तिच्या आईनं ती जागा दाखवली, आईला तिच्या आईनं. "लेकीशिवाय कुणाला नाही," एवढंच बजावलं होतं. खमीसानं ते असं पाळलं, की त्या खाचेत जायचं असलं की ती आधी उलट्या दिशेला, ओढ्याकडं निघायची आणि रानाला वळसा घालून वर चढायची. येताना भाऱ्यावर ओढ्याकाठचा रुंद पाला पसरायची. एकदा हद्दा तिच्या मागावर आली होती. खमीसानं तिला दुपारभर काट्याकुट्यांतून फिरवलं आणि रिकाम्या हातांनी घरी आणलं. त्यानंतर दोन रमजान दोघी बोलल्या नाहीत.

या घरात बाळ जन्मलं की पहिली आंघोळ पांढऱ्या रिहानच्या पाण्यानं, आणि वाळल्या पानांची पूड काखेत, मांड्यांच्या घडीत. खमीसा तशीच न्हाली होती, तिची लेक जन्नातही. जन्नात लग्न होऊन बेजाला गेली. तिचं पहिलं बाळ तिथल्या दवाखान्यात झालं. त्या वर्षी पावसानं रस्ता वाहून गेला होता, खमीसा वेळेवर पोचलीच नाही. बाळ चाळीस दिवसही राहिलं नाही. ताप आला, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं, आणि गेलं. पाण्याचा विषय तेव्हा कुणी काढला नाही. खमीसा शहाणी बाई होती. ताप पाण्यानं थांबत नाही हे तिला कळत होतं. पण कळणं एकीकडं असतं आणि मन एकीकडं.

आता जन्नातला पुन्हा दिवस गेले होते, आणि या वेळी ती बाळंतपणाला आईकडं येणार होती.

गेली काही वर्षं खमीसाचा उजवा गुडघा चढाला नाही म्हणू लागला होता. मागच्या शरदात ती खाचेपर्यंत पोचलीच नाही. होतं ते पाणी संपत आलं, शेवटची बाटली पुतणीच्या बाळाला गेली. पुढच्या वर्षी जाऊ, असं ती म्हणत राहिली. दुसऱ्या कुणाला पाठवायचं म्हणजे जागा सांगायची, आणि जागा सांगायची तर ती लेकीला, लेक बेजाला. असं करत करत उन्हाळा आला आणि उन्हाळ्याच्या शेवटी, गरम वारा सुटलेल्या दिवसांत, बुचाच्या रानाला आग लागली.

धूर विझल्यावर खमीसा काठी टेकत वर गेली. वळसा घालायची आता गरज नव्हती. लपायला झाडच राहिलं नव्हतं. बुचाची खोडं काळी होऊन उभी होती, त्यांची साल जाड, ती बहुतेक वाचतील. पण खाचेत पाहावं तर राख. रिहानच्या जागी जळकी बुडखं, पाय लावला तर कोळसा तुटायचा. ती तिथं बराच वेळ बसली. तिच्या मनात एकच येत राहिलं, की एक फांदी जरी कुणाला दिली असती, तर ती आज कुणाच्या तरी कुंपणाला उभी असती.

खाली आली तेव्हा हद्दा झऱ्यावर होती. खमीसाच्या पायांना, शालीच्या काठाला काजळी. हद्दानं ते पाहिलं, आणि घागर बाजूला घेऊन तिला पाय धुवायला जागा करून दिली.

थंडी पडायला लागली तशी जन्नात आली. पोट मोठं, चेहरा उतरलेला. आल्या आल्या चुलीपाशी बसून तिनं भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवला आणि खाता खाता विचारलं,

"उम्मी, पांढऱ्याचं पाणी ठेवलंयस ना?"

खमीसा जाळ पुढं ढकलत राहिली. "आधी जेव."

"मी विचारलं काय, तू बोलतेस काय."

"अगं, आहे ना वेळ."

जन्नातनं तुकडा खाली ठेवला. "मी काही अडाणी नाही, उम्मी. पाण्यानं काय होतं आणि काय होत नाही ते मला कळतं. पण त्या वेळी आपण ते केलं नव्हतं. या वेळी मला ते करायचंय. बस."

खमीसानं त्या दिवसापासून नीट झोप घेतली नाही. खडकावरचं पाणी पांढऱ्याचं म्हणून द्यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण जन्नात त्या पाण्यानं वाढली होती; तिला पहिल्या थेंबाला कळलं असतं. आणि न कळतं तरी खमीसाला कळलं असतं.

एका सकाळी हद्दा स्वतःहून दारात आली. हातात शिजवलेल्या चण्यांचं भांडं, जन्नातसाठी. जन्नात आत पडली होती. हद्दा उंबऱ्यावर टेकली.

"तुझी जागा जळली म्हणतात."

"कुणाची जागा? माझी कसली जागा?"

"बरं, नसेल तुझी." हद्दानं शाल सारखी केली. "आईच्या कबरीवर शेवटची कधी गेलीस?"

"ईदला. तू होतीस की."

"ईद गेली कित्येक वर्षं उन्हाळ्याकडं येतेय. या दिवसांत कधी गेलीस?"

खमीसाला आठवेना. गुडघा धरल्यापासून टेकडीवरच्या कबरस्तानात ती ईदला तेवढी जायची, सगळ्यांसारखी रिहानची ओली फांदी मातीत खोचायची, फातिहा म्हणायची आणि उतरायची. खाचेपर्यंत जाता येत होतं तोवर आईसाठी फांदी अर्थातच पांढऱ्याची असायची.

"जा एकदा," हद्दा म्हणाली. "तू इतकी वर्षं लपवलंस आणि तुझ्याच आईनं ते उघड्यावर मांडून ठेवलंय. मी आपली चार वर्षं बघतेय आणि गप्प आहे. माझ्या नवऱ्याची कबर शेजारीच ना, त्याला पाणी घालताना तिलाही घालते."

खमीसा त्याच दुपारी गेली. आईच्या उशाशी झुडूप होतं, कंबरेएवढं. ते तिनं दर ईदला पाहिलं होतं. पण उन्हाळ्यात फूल पाहून काय कळणार, ते सगळ्यांचं सारखंच. आणि कबरीवरचं पान कुणी चुरगाळत नाही, की वास घ्यावा. तिनं खोचलेल्याच एखाद्या फांदीनं मूळ धरलं असेल. आता त्याच्यावर फळं होती. लोण्याच्या कणांसारखी, फिकट, पानोपानी.

कमरेला कोयती होती. ती आपण का घेऊन आलो हे खमीसानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

या डोंगरात कबरीवरचं हिरवं कुणी कापत नाही. ते हिरवं असेतोवर खालच्या माणसाला हलकं वाटतं, असं सगळे मानतात. बकरी आली तर अनोळखी माणूसही तिला हाकलतो. एक भारा निघाला असता. भांडं अर्धं भरलं असतं. आणि बाळाला पुरून उरलं असतं. आई नाही म्हणाली नसती, हेही खरं. पण जी नाही म्हणू शकत नाही तिला विचारायचं तरी कसं. खमीसा मातीत बसली. गुडघा ठणकत होता. शेजारच्या कबरीवर हद्दाच्या नवऱ्याचं झुडूप होतं, काळ्या फळांचं, आणि दोन्हींच्या बुडाशी माती ओली होती, सारखीच ओली. चार वर्षं. हद्दाकडंही कोयती होती, आणि हद्दाला या वासाची हाव किती होती ते खमीसापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार. तिनं एक पान तोडलं नव्हतं.

खमीसानं कोयती कमरेलाच ठेवली आणि उठली. उतरताना ती घरी न जाता हद्दाच्या अंगणात गेली. हद्दा लाकडं रचत होती.

"बुचाच्या रानापलीकडं जायचं," खमीसा उभ्या उभ्याच म्हणाली. "दुभंगलेला खडक लागतो. त्याच्या डावीकडून खाली उतरलं की खाच. माझ्यानं आता चढवत नाही. तू बघून ये काही उरलंय का."

हद्दानं लाकूड खाली ठेवलं. "दुभंगलेला खडक? त्या दिवशी तू मला त्याच्यापाशी बसवून भाकरी खाऊ घातली होतीस की."

"हो."

"आणि खाच मागेच?"

"तुझ्या पाठीमागे होती."

हद्दा तिच्याकडं बघत राहिली, मग इतकं हसली की तिला खाली बसावं लागलं. खमीसाही हसली, थोडं उशिरा.

दुसऱ्या दिवशी हद्दा गेली ती संध्याकाळच्या आत परतली. भारा नव्हता. "बुडखं मेलेली नाहीत," ती म्हणाली. "पावसानंतर फुटलीत. तांबूस कोंब आहेत, बोटाएवढे. कापण्यासारखं काही नाही, मी हातही लावला नाही. दोन-तीन वर्षं तरी कुणी जाऊ नये तिकडं." मग जरा थांबून म्हणाली, "तूसुद्धा."

त्याच आठवड्यात जन्नातला कळा लागल्या आणि आयन द्राहमच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. घरी आणली तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. तीळ, मध नि लोण्याचं झरीर वाटलं जात होतं. जन्नातनं आईकडं पाहिलं. खमीसानं काही लपवलं नाही. आग, राख, आजीच्या उशाचं झुडूप, सगळं तिनं एका दमात सांगितलं.

जन्नातनं लेकीला मांडीवर घेतलं. बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती आवळलेली ती बघत राहिली. "आजीचं कापलं नाहीस, बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "मग हिला कशानं न्हाऊ घालायचं?"

"माझ्याकडं आहे," दारातून हद्दा म्हणाली. "तुझ्या आईच्या नाकाला चालत असेल तर."

बाटलीत तिचं नेहमीचं पाणी होतं, ओढ्याचं, खडकाचं, सावलीतलं, कड्यावरचं, सगळं एकात एक. कोमट पाण्यात ते मिसळलं आणि जन्नातनंच लेकीला घातलं. बाळ रडलं, मग गप्प झालं. पुसून, हद्दाच्याच पाल्याची पूड लावून, कपड्यात गुंडाळून ते खमीसाच्या हातात दिलं.

खमीसानं सवयीनं त्याच्या टाळूवर नाक टेकलं आणि डोळे मिटले. जड गोडसरपणा होता, कापूर होता, मीठ होतं. मध्येच कुठंतरी दुधाचाही वास होता, पण तो बहुधा बाळाचाच. कुठल्या उतारावरचं ते तिला सांगता येईना. तिनं पुन्हा वास घेतला.

"काय गं," हद्दानं विचारलं, "कुठली राणी?"

"थांब जरा," खमीसा म्हणाली, "अजून कळलं नाही." आणि बाळ कुणाच्या हातात न देता ती तशीच चुलीपाशी बसून राहिली.