शोभाताईंनी लिहून दिलेली वही

शोभाताई गेल्याचा फोन देगलूरहून माझ्या लेकीला आला, मला नाही. पूजा नांदेडला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला कळवलं आणि पुढचं बोलताच येईना, इतकी रडली. मी फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी होते. खरं लिहायचं तर, मला रडू यायच्या आधी मनात आलं... माझ्यासाठी ही एवढी रडेल का? दीड महिना झाला, ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

नीट परीक्षेच्या तयारीसाठी पोरींना घेऊन शोभाताई आणि मी लातूरला शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो. मी अर्धापूरची, चौथी शिकलेली. त्या बी.एस्सी. झालेल्या. त्यांची अस्मिता आणि माझी पूजा एकाच क्लासला. संध्याकाळी मी भाकरी थापायची, आणि शोभाताई पुस्तक हातात घेऊन दोघींना प्रश्न विचारायच्या. टेस्टचे मार्क आले की पूजा आधी त्यांच्या दारात. मग माझ्याकडे येऊन विचारायची, "आई, भाजी कशाची?"

एक दिवस मी म्हणाले, "रोज रोज नको जाऊ तिकडं. लोकाच्या लेकीचा टाइम खायलीस तू. मी घेते की तुझं."

"तू?" एवढंच म्हणाली, पण बसली. पुस्तक इंग्रजी. मी ओळीवर बोट ठेवायची, ती बोलायची, मी मान हलवायची. चौथ्या दिवशी ती मध्येच थांबली. "आई, मी आत्ता मुद्दाम चूक सांगितलं. तू हाव, बरोबर म्हणालीस."

भिंत पातळ होती. दुसऱ्या दिवशी पोरी क्लासला गेल्यावर शोभाताई आल्या. मला वाटलं, आता टोमणा बसणार.

"काय हो पूजाची आई, मराठी वाचता येतं ना?"

"चौथीपुरतं येतंय."

"मग झालं की! मास्तरणीला अजून काय लागतं?" आणि स्वतःच हसल्या.

त्यानंतर कितीतरी दुपारी त्या माझ्या खोलीत बसून दोनशे पानी वही भरत होत्या. प्रश्न, खाली उत्तर, इंग्रजी शब्द सगळे मराठी अक्षरांत. मी शेजारी बसून एकेक शब्द वाचून दाखवायची, अडले की त्या पुन्हा म्हणून घ्यायच्या. पहिल्याच संध्याकाळी पूजा चुकली आणि मी म्हणाले, "चूक. परत सांग." ती माझ्याकडे बघतच राहिली.

तरी माझा जळफळाट गेला नाही. तोंड माझं, अक्षर त्यांचं... पुढं पूजाचा नंबर लागला, अस्मिताचा नाही. शोभाताई पेढे घेऊन आल्या. मी पदर डोळ्याला लावला, पण आत बरं वाटत होतं. त्यांना ते कळलं असणार. तरी त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला, पण मी त्यांचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत.

आता दुपारी कामं आटोपली की मी वहीतलं एक पान मोठ्यानं वाचते. मागच्या रविवारी पूजा आली होती, तिनं ऐकलं.

"आई, ती वही मला दे. शोभामावशींच्या हातचं माझ्याकडं काहीच न्हाई."

"न्हाई देत."

"अगं, तुला काय करायची ती आता?"

मी वही मिटून मांडीवर घेतली. "तुझ्यासाठी न्हाई लिहिली त्यांनी. माझ्यासाठी लिहिली."