न घेतलेला किट

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे उभी राहून ताई दिवसभर लोकांना एकच गोष्ट बजावायची, आधी लेबल वाचा. म्हाताऱ्यांना मोठ्याने, तरुणांना दटावून. मालक तर तिला हेडबाईच म्हणायचे. आणि या हेडबाईने एका रविवारी बाबांच्या टाकीत लेबल न वाचता औषध ओतलं. आता बोला!

बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. आई गेल्यावर ते ताईकडे राहायला आले ते दोन पिशव्या कपडे आणि एक काचेची टाकी घेऊन. टाकीत शेवाळ, दोन-तीन काटक्या आणि नखाएवढे लाल झिंगे. मासा औषधालासुद्धा नाही. येणारा-जाणारा हमखास विचारायचा, काय, तळायचे कधी? बाबा हसायचे आणि पुन्हा काचेला नाक लावून बसायचे. भारी नाजूक जीव हो ते, पाणी जरा बिघडलं की आटोपलाच कारभार. पण बाबांच्या हाताखाली त्यांची पिलावळ वाढतच चालली होती.

अलीकडे मात्र बाबा विसरायला लागले होते. एकदा गॅस तसाच राहिला, एकदा भर दुपारी ताईला फोन करून आई कुठे गेली म्हणून विचारलं. तेव्हापासून दादाने, म्हणजे ताईच्या थोरल्या भावाने, फोनवर धोशाच लावला होता. दिवसभर त्यांना एकटं ठेवू नकोस, वृद्धाश्रमात जागा बघू या. ताई दाद देत नव्हती. असले जीव सांभाळणारा माणूस स्वतःला सांभाळू शकत नाही होय, असं म्हणून ती दरवेळी त्याचं तोंड बंद करायची. बाबा घरात राहणार की नाही, ते असं त्या झिंग्यांच्या जिवावर चाललं होतं.

टाकीत बारीक गोगलगायी झाल्या नि सगळं फिसकटलं. काचेवर त्या चिकटलेल्या बघून ताईला शिसारी यायची. बाबा काही मनावर घेईनात. मग हिने परस्पर गोगलगायी मारायच्या औषधाची एक बाटली आणली आणि ते आंघोळीला गेल्याची संधी साधून बूचभर औषध टाकीत रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो बाबा हातात जाळी घेऊन उभे, आणि झिंगे तळाशी आडवे. ताईने स्वयंपाकघरात जाऊन बाटली वाचली. यात तांबं आहे, झिंग्यांच्या टाकीत वापरू नये. अक्षरंही काही बारीक नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

सांगायचं ठरवूनच ती बाहेर आली. पण बाबाच आधी म्हणाले, माझ्या हातून झालं गं, खाणं दोनदा टाकलं गेलं असणार, मला आठवत नाही. तेव्हाच बोलून टाकायचं ना! पण जीभ रेटली नाही. संध्याकाळी सांगू म्हणाली, संध्याकाळी पाहुणे आले. उद्या सांगू म्हणाली, दुसऱ्या दिवशी जाता जाता बाटली रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकून आली. दुकानात कुणाला लेबल वाचा म्हणताना तिचं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबांनी मग टाकीचं पाणी तपासायचा नवा टेस्ट किट आणायला सांगितला. जुना कधीच संपला होता, आणि काय घडलं ते आता पाण्यालाच विचारू म्हणाले. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने ताईसमोर तीन डबे मांडले. पट्ट्यांचा किट झटपट, पण अंदाजपंचे. थेंबांचा अमोनियाचा, खाणं जास्त झालं तर तो दाखवेल. आणि तिसरा तांब्याचा. झिंगे एकदम गेले म्हणता, मग आधी हाच घ्या, तो म्हणाला, घरात कुणी औषधबिषध टाकलं का? ताई चटकन नाही म्हणाली. मनात हिशेब असा की अमोनिया निघणार नाही, बाबांवरचा आळ जाईल, आणि आपणही सुटू. केवढी हुशारी! अमोनियाचा डबा उचलून तिने काढता पाय घेतला.

घरी बाबांनी नळीत पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले, नळी हलवली आणि वाट पाहत बसले. पाणी पिवळंधमक. किटमधल्या तक्त्यावर पिवळा म्हणजे अमोनिया शून्य. ताई लगेच म्हणाली, बघा, तुमचं काही चुकलं नाही. पण बाबांचा चेहरा काही खुलेना. थेंबच चुकले असतील म्हणून त्यांनी पुन्हा सगळं केलं. पुन्हा पिवळं. मग नळी ताईकडे देत ते म्हणाले, "तूच बघ. मला आता रंगही धड कळत नाहीत बहुतेक. दादाला सांग, जागा बघ म्हणावं."

ताईने नळी खाली ठेवली.

"बाबा, मी मारले ते. गोगलगायींचं औषध ओतलं मी, तुम्ही आंघोळीला गेला होता तेव्हा. त्यात तांबं होतं."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या डोळ्यांत नुसती माया होती.

"तू नाही गं," ते म्हणाले. "मीच ओतलं. लाल झाकणाची बाटली होती. मला चांगलं आठवतंय."

झाकण पांढरं होतं. ताई रडत रडत सांगत सुटली, कुठून आणली, कुठे टाकली, सगळं. आत्ता जाऊन तांब्याचा किट आणते म्हणाली. आण की, बाबा म्हणाले, तांबं निघेलच, मीच टाकलंय ना. इतके दिवस ती गप्प बसली होती, आणि तेवढ्या दिवसांत त्यांना ते आपणच केल्याचं आठवायलाही लागलं होतं.

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळा," त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उठून स्वतःच दादाला फोन लावला.